परसातील फळझाड आणि त्यावरील अळी : नागपूर परिसरातील ओळख व निवारण यांचा इतिहास

१

नागपूर शहराच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगतच्या रेल्वेमार्गापलीकडे मनीषनगर ही वसाहत आहे. काळ्या मातीच्या शेतजमिनीवर भूखंड पडून जी वस्ती गेल्या काही दशकांत शहराच्या या अंगाला वाढत गेली, तिच्यातीलच ही एक होय. सोमलवाडा, बेसा, बेलतरोडी ही आसपासची नावे पूर्वीच्या गावांची आठवण अजून टिकवून आहेत. शेते गेली, पण माती राहिली. आणि घराभोवती जेथे चार-सहा हात जागा मोकळी उरली तेथे कागदी लिंबू, कढीपत्ता, पेरू, डाळिंब, सीताफळ, क्वचित् आंबा किंवा बेल अशी झाडे लागली. नागपूरच्या जुन्या वाड्यांच्या परसात जी झाडे असत, जवळजवळ तीच ही झाडे होत.

अशा झाडाची नवती एका रात्रीत खाल्ली गेली की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'कोणते औषध मारावे' हा. 'ही कोणती अळी' हा प्रश्न बहुधा निघतच नाही. प्रश्नांचा हा क्रम स्वाभाविक वाटतो खरा. परंतु तो फार जुना नाही. या विषयाच्या इतिहासात ओळख आधी आणि उपाय मागून, असा एक काळ होऊन गेला. त्यानंतर उपाय पुढे आला व ओळख मागे पडली. हे स्थित्यंतर कसे घडले आणि परसातील झाडापुरते त्याचे परिणाम काय झाले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

आरंभी शब्दांचा विचार केला पाहिजे. अंगावर केस असलेला व स्पर्शाने खाज आणणारा तो सुरवंट, आणि गुळगुळीत अंगाची ती अळी, असा भेद मराठी बोलीत सामान्यतः पाळला जातो. शास्त्रदृष्ट्या दोन्ही पतंग किंवा फुलपाखरे यांच्याच बाल्यावस्था होत. उलट, पिकलेल्या पेरूत वळवळणारे फळमाशीचे पायरहित पिल्लूही बोलीत 'अळी'च म्हणवते, यद्यपि त्याचा फुलपाखरांशी काही संबंध नाही. छातीवर सांध्यांच्या पायांच्या तीन जोड्या व पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या, ही फुलपाखरू-पतंगाच्या अळीची ढोबळ खूण होय. हा भेद केवळ पांडित्याचा नव्हे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची जी द्रव्ये पानखाऊ अळीच्या पोटात जाऊन तिला मारतात, ती फळमाशीच्या अळीवर वाया जातात. तिच्यासाठी फळाला पिशवी बांधणे व गळलेली फळे गोळा करून पुरणे हाच मार्ग असतो. नाव चुकले की उपाय चुकतो, याचे हे अगदी घरगुती उदाहरण आहे.

२

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत या कीटकांविषयीचे ज्ञान दोन ठिकाणी विभागलेले होते. संग्रहालयाला पंख असलेला प्रौढ कीटक ठाऊक होता. झाडाच्या मालकाला अळी ठाऊक होती. लिंबावरील फुलपाखराला लिनियसने १७५८ मध्ये पॅपिलिओ डेमोलिअस हे नाव दिले, ते टाचणीला लावलेल्या पंखांवरून. लिंबाच्या पानांची नागमोडी पोखरण करणाऱ्या सूक्ष्म पतंगाचे, म्हणजे आपल्याकडील नागअळीच्या प्रौढावस्थेचे, वर्णन स्टेंटन याने १८५६ मध्ये कलकत्त्याहून मिळालेल्या नमुन्यावरून केले. पान कुरतडणारी अळी आणि पेटीतील फुलपाखरू हे एकाच जीवाचे दोन टप्पे होत, हे सिद्ध करण्याचा मार्ग एकच होता : अळी पाळणे. तिला रोज ताजी पाने घालणे, ती कात केव्हा टाकते हे टिपणे, कोश फुटून काय बाहेर येते ते पाहणे.

पश्चिम भारतात हे काम नेटाने केले ते सरकारी नोकरी सांभाळून निसर्गाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एडवर्ड एटकेन हे मीठ व जकात खात्यात होते. एटकेन व सनदी अधिकारी डेव्हिडसन यांनी १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील फुलपाखरांच्या अळ्या व कोश यांवर टिपणे प्रसिद्ध केली. पुढे वनखात्यातील बेल यांच्या सहकार्याने उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवरील त्यांची लेखमाला निघाली. प्रयोगशाळेच्या सामग्रीवाचून, घराच्या ओसरीवर, डबा व डहाळी एवढ्या साधनांनी हे ज्ञान उभे राहिले, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शासकीय कीटकशास्त्राने हीच रीत उचलली. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांची १९०३ मध्ये शासकीय कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली, बिहारातील पुसा येथे १९०५ मध्ये कृषिसंशोधन संस्था उभी राहिली, आणि नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ चे. पुसा येथील चारुचंद्र घोष यांनी १९१४ मध्ये भारतीय कीटकांच्या जीवनक्रमावरील शासकीय मालेत फुलपाखरांविषयीचा भाग प्रसिद्ध केला. हेही काम मुख्यतः अळ्या पाळून केलेल्या निरीक्षणाचे होते. नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा 'अजब बंगला', १८६३ पासून होता. तेथील डी'अब्रू यांनी १९३१ मध्ये मध्य प्रांतातील फुलपाखरांची सूची संग्रहालयाच्या मालेत प्रसिद्ध केली. मनीषनगरच्या कुंपणावर आज उडणारी फुलपाखरे कोणती, याची तुलना करण्यास नागपुरातच तयार झालेला हा जुना आधार उपलब्ध आहे.

३

या परंपरेने जी ओळख सिद्ध केली तिचे स्वरूप चार उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण लिंबावरील अळीचे. मादी कोवळ्या पानांवर फिकट पिवळी, मोहरीएवढी अंडी सुटीसुटी घालते. लहान अळी तपकिरी असून तिच्यावर पांढरे डाग असतात. ती पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व म्हणूनच नजरेतून सुटते. वाढलेली अळी हिरवीगार होते आणि डिवचली असता डोक्यामागून दुशिंगी मांसल अवयव बाहेर काढून उग्र दर्प सोडते. अनेकदा घरातील मंडळी या दोन अवस्थांना दोन वेगळे किडे समजतात. आणि पहिली ओळखता न आल्यामुळे उपाय दुसरीच्या वेळी, म्हणजे पाने संपल्यावर, सुरू होतो. हीच अळी कढीपत्ता व बेल यांवरही येते. लिंबू, कढीपत्ता आणि बेल ही तिन्ही झाडे वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातील होत. बावची मात्र शेंगांच्या कुळातील. तरी तिच्यावरही ही अळी पोसते. एर्लिक व रेव्हन यांनी १९६४ मध्ये फुलपाखरे व वनस्पती यांच्या सहविकासाचे जे विवेचन केले, त्याच्या प्रकाशात या कोड्याचा उलगडा होतो : फुलपाखरू झाड निवडते ते त्याच्या रासायनिक द्रव्यांवरून, आणि फ्युरॅनोकुमारिन गटातील द्रव्ये लिंबाच्या कुळाप्रमाणे बावचीतही आढळतात. तात्पर्य, आवारात लिंबाची अळी वेचली आणि कढीपत्ता तसाच सोडला, तर काम अर्धेच झाले.

दुसरे उदाहरण साल खाणाऱ्या अळीचे. पेरू, आंबा, बोर, डाळिंब, संत्रा यांच्या खोडावर, विशेषतः फांद्यांच्या बेचक्यात, रेशीम व भुसा यांच्या विणीची तपकिरी पट्टी दिसते. अळी दिवसा छिद्रात राहते व रात्री या जाळीच्या आडोशाने साल खाते. उन्हाळ्याच्या अखेरीस पतंग निघतात, आणि नवी पिढी पावसाळ्यापासून पुढील उन्हाळ्यापर्यंत खोडातच वाढते. पानांवर कितीही फवारणी केली तरी ती हिच्यापर्यंत पोहोचत नाही. जाळी खरवडून, छिद्रात तार घालून अळी मारणे, किंवा रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सरकवून तोंड चिखलाने लिंपणे, हा उपाय कृषिग्रंथांतून दीर्घकाळ सांगितला गेला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकात, रोगी झाडाचा भाग आधी शस्त्राने साफ करून मग विडंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा असे सांगितले आहे. ते विधान साल खाणाऱ्या अळीविषयीच आहे असे म्हणता येणार नाही. परंतु दूषित भाग प्रथम हाताने साफ करावा व मग लिंपावा, हा क्रम दोन्हीकडे समान आहे.

तिसरे उदाहरण डाळिंबाच्या फुलपाखराचे. त्याची मादी फुलावर किंवा कोवळ्या फळावर अंडे घालते. अळी फळात शिरून दाणे खाते. पोखरलेले फळ गळून पडू नये म्हणून ते देठापाशी फांदीला रेशमाने बांधून टाकण्याची तिची रीत जुन्या निरीक्षकांनी नोंदविली आहे. अळी आत शिरल्यावर बाहेरून मारलेले औषध निरुपयोगी ठरते. फळ लहान असतानाच कापडाची किंवा कागदाची पिशवी बांधणे हा खात्रीचा उपाय होय. शेकडो झाडांच्या बागेत तो खर्चिक होतो. आवारातील एका झाडाला त्यासाठी एक दुपार पुरते.

चौथे उदाहरण असे आहे की, त्यात अळी फळाला स्पर्शही करत नाही. पिकू लागलेल्या संत्र्याला रात्री सोंड खुपसून रस शोषणारा पतंग विदर्भात आंबिया बहाराच्या काळात नुकसान करतो. या गटातील एका पतंगाच्या आरीसारख्या सोंडेची रचना फ्रान्सिस डार्विन यांनी १८७५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासून वर्णिली होती. त्याची अळी मात्र गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. म्हणजे कुंपणावर औषधासाठी जपलेली गुळवेल आणि आवारातील संत्र्याची गळ यांचा संबंध असू शकतो, आणि तो संबंध अळी पाळून पाहिल्यावाचून कोणाच्याही ध्यानात आला नसता.

४

आता उपायांचा इतिहास पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शासकीय पुस्तकांत लहान झाडांसाठी अळ्या हाताने वेचणे हा प्रमुख उपाय होता. विष हे त्याच्या जोडीला येई. पानखाऊ अळ्यांवरील त्या काळचे मुख्य विष म्हणजे शिसे-आर्सेनेट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जिप्सी पतंगाच्या सुरवंटांवर उपाय शोधताना १८९२ च्या सुमारास ते पुढे आले. शिसे व सोमल दोन्ही जमिनीत राहतात, झिजत नाहीत. विषाच्या या मार्गाची किंमत खुद्द संशोधकांनीही मोजली : भारतातून परत गेल्यावर लेफ्रॉय हे १९२५ मध्ये लंडन येथे प्रयोगशाळेत कीटकनाशक वायूचा प्रयोग करीत असताना विषबाधेने मरण पावले.

खरे स्थित्यंतर दुसऱ्या महायुद्धानंतर घडले. पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचे कीटकनाशक गुण शोधले व १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डीडीटी आणि तत्सम बीएचसी ही द्रव्ये स्वस्त होती, स्पर्शमात्रे मारीत, आणि कोणत्याही किड्याला मारीत. येथेच ओळखीची गरज संपल्यासारखी भासली. सर्वच किडे मरत असतील तर नाव विचारण्याचे प्रयोजन काय? निरीक्षणाची जागा वेळापत्रकाने घेतली. मोठ्या बागाईतदाराच्या दृष्टीने यात समर्थनीय असे बरेच होते. नागपूरचा संत्रा, जो अठराव्या शतकाच्या अखेरीस रघूजी भोसले यांनी औरंगाबादेहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणविला अशी परंपरा आहे, तो तोपर्यंत शेकडो एकरांचे पीक झाला होता. प्रत्येक झाडापाशी उभे राहून नवती तपासणे मजुरीच्या हिशेबात बसणारे नव्हते. बागेसाठी निघालेली ही युक्ती कोणताही फेरविचार न होता परसात शिरली, हा प्रश्नाचा खरा गाभा आहे.

तिचे परिणाम हळूहळू उघड झाले. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाचा संसर्ग झालेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर झालेल्या चौकशीची परिणती १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमात झाली. रेचेल कार्सन यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९६२ चा. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, आणि एन्डोसल्फानच्या उत्पादन व विक्रीस सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये मनाई केली. विदर्भाला या इतिहासाचा सर्वांत जवळचा धडा २०१७ मध्ये मिळाला. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती माणसे उघड्या शेतात काम करीत होती. मनीषनगरातील लिंबाचे झाड स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दहा हातांवर असते, शेजाऱ्याचे वाळत घातलेले कपडे त्याहून जवळ असतात, आणि तोडलेले लिंबू त्याच दिवशी वरणावर पिळले जाते.

याच वेळी दुसऱ्या दिशेनेही संशोधन चालू होते. निंबोळीच्या गराची फवारणी केलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत, हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले; आज सर्वत्र सांगितला जाणारा पाच टक्के निंबोळी अर्क त्याच वाटेवरचा आहे. वर उल्लेखिलेला जिवाणू जपानात इशिवाता यांना १९०१ मध्ये रेशमाच्या रोगट किड्यांत व जर्मनीत बर्लिनर यांना १९११ च्या सुमारास पतंगाच्या अळीत आढळला होता. लिंबावरील फुलपाखराच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या सूक्ष्म गांधीलमाश्याही ज्ञात झाल्या. नागपुरात १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनासाठी राष्ट्रीय पातळीवरील केंद्र सुरू झाले. तेच आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. या सर्व उपायांचे एक समान लक्षण आहे : कीड कोणती व ती कोणत्या अवस्थेत आहे, हे कळल्यावाचून यांतील एकही उपयोगी पडत नाही. निंबोळी अर्क लहान अळीवर चालतो, वाढलेल्या अळीवर फारसा नाही. जिवाणू पोटात गेला तरच काम करतो. गांधीलमाशी अंडे असेल तरच येते. अर्थात् नव्या शास्त्राने फिरून जुन्याच प्रश्नाशी आणून सोडले आहे.

५

परसातील झाडाची अडचण अशी की, ते कोणाच्याच अधिकारक्षेत्रात नीट बसत नाही. कृषिखात्याचा सल्ला बागाईतदारासाठी असतो, नगरपालिकेचे उद्यानखाते रस्त्यावरील झाडे पाहते. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील मात्रा हेक्टरी दिलेली असते, आणि एका झाडाला हेक्टर नसतो. तेव्हा घरमालक दुकानदाराला विचारतो, दुकानदार अंदाजाने देतो, व अंदाज बहुधा अधिकाच्या बाजूला झुकतो.

तथापि हीच अडचण दुसऱ्या बाजूने पाहिल्यास सोय ठरते. बागेत जे परवडत नाही ते परसात सहज परवडते. फेब्रुवारी, जून-जुलै व ऑक्टोबर या नवतीच्या काळात आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहणे, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे, बेचक्यातील जाळी खरवडणे, डाळिंबाला पिशवी बांधणे, एवढ्याने बहुतेक झाडे निभावतात. नागअळीसाठी मोठ्या झाडावर काही करण्याचे बहुधा कारण नसते. लहान रोपाची मात्र काळजी घ्यावी, कारण तिच्या पोखरणीतून खैऱ्या रोगाचा शिरकाव होतो. पूर्ण वाढलेल्या झाडाची काही पाने गेली तर फळाला विशेष बाध येत नाही. चार-सहा अळ्या कढीपत्त्यावर राहू देण्याचा निर्णयही घरमालकाला घेता येतो. बागाईतदाराला तो घेता येत नाही.

पदव्युत्तर अभ्यासाच्या दृष्टीने येथे एक मोकळे क्षेत्र पडलेले आहे. लिंबावरील हे फुलपाखरू २००४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात प्रथम आढळले व पुढे जमैकापर्यंत पसरले. ऑस्ट्रेलियातील त्याची उपजाती मुख्यतः बावचीच्या जवळच्या वनस्पतींवरच राहते. जो कीटक देशोदेशी आपला आहार असा बदलतो, तो नागपुरात शेत जाऊन वसाहत आल्यावर काय करतो, हे पाहण्यास खर्च लागत नाही. एक वही, काही डबे, आणि ज्या झाडावरून अळी घेतली त्याच झाडाची ताजी डहाळी पुरे. वहीत दिनांक, झाड, झाडाचा भाग व शेवटी काय बाहेर पडले याची नोंद व्हावी : फुलपाखरू, पतंग, की कोशातून निघालेली गांधीलमाशी. मनीषनगरातील पंचवीस आवारांची अशी दोन वर्षांची नोंद डी'अब्रू यांच्या १९३१ च्या सूचीशेजारी ठेवली, तर मधल्या काळात काय गेले व काय टिकले याचा काही अंदाज बांधता येईल. आणि ज्या घरांत ती वही फिरेल तेथे औषधाच्या आधी अळीचे नाव विचारले जाईल.